डर्क बोगार्ड आणि ‘व्हिक्टिम’

नटाचें रूप हें त्याचें भांडवल. तें पणाला लावण्यास धैर्य लागतें. इंग्रज नट डर्क बोगार्ड (१९२१-१९९९) यांच्या कारकीर्दीकडे आम्ही या दृष्टीनें पाहतों. ‘डॉक्टर इन द हाउस’ (१९५४) या विनोदी चित्रपटानें रँक कंपनीचा हा देखणा नट तरुणींच्या गळ्यांतील ताईत झाला.

त्या काळीं इंग्लंडांत पुरुषांमधील समागम हा गुन्हा होता. त्यामुळें धमकावून पैसे उकळणाऱ्यांचें फावे. कायदा शिथिल करावा, अशी शिफारस वुल्फेंडन समितीनें १९५७ सालीं केली. पण सरकारनें ती बाजूस ठेवली. अशा वेळीं, १९६१ सालीं, बेसिल डिअर्डन यांनीं ‘व्हिक्टिम’ काढला. त्यांतील विवाहित, प्रतिष्ठित बॅरिस्टर फार याचा एका तरुणावर जीव जडलेला असतो. खंडणीनें गांजलेला तो तरुण पोलीस कोठडींत गळफास घेतो, आणि फार आपली कारकीर्द धोक्यांत घालून खंडणीखोरांविरुद्ध उभा राहतो. ही भूमिका बोगार्ड यांनीं पत्करली. पत्नीपुढें दिलेली कबुली हा या चित्रपटाचा प्राण होय.

ब्रिटिश सेन्सॉरनें तो केवळ प्रौढांसाठीं ठरविला. अमेरिकेंत मान्यतेची मोहोर नाकारली गेली. लाडक्या नायकाची प्रतिमा मागें पडली, पण ‘द सर्व्हंट’ (१९६३) व ‘डेथ इन व्हेनिस’ (१९७१) यांची वाट येथूनच निघाली. इंग्लंडचा कायदा १९६७ सालीं बदलला. इंग्रजांनींच भारतास दिलेल्या कलम ३७७ चा जाच सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दूर केला.

बोगार्ड स्वतः अँथनी फॉरवुड यांच्यासह अनेक दशकें राहिले. त्या नात्याचा जाहीर उच्चार मात्र त्यांनीं टाळला. पडद्यावरील कबुलीचें मोल आम्हांस म्हणूनच अधिक वाटतें.