सास्तूरचा भूकंप आणि एकुलत्या प्रतीचा धोका

१/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन करून निजलेल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) व लातूर जिल्ह्यांत भूकंप झाला. सास्तूर, किल्लारीसारखी गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे १०,००० माणसे दगावली.

२/ घर कोसळले की घरातला एकुलता दस्तऐवजही जातो. म्हणून दुसरी प्रत दूर हवी.

३/ पुढे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन नांदू लागली. प्रत्येकीचा रोज पूर्ण बॅकअप घ्यावा, तर जागा पुरेना. वास्तविक त्यातला बराच मजकूर सारखाच: तीच ऑपरेटिंग सिस्टीम, त्याच फाइली.

४/ २००२ मध्ये बेल लॅब्सच्या शॉन क्विनलन व शॉन डॉरवर्ड यांनी ‘व्हेंटी’ ही साठवणप्रणाली मांडली. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा १६० बिटांचा ठसा काढायचा. ठसा जुळला, तर तुकडा पुन्हा साठवायचा नाही, केवळ त्याचा निर्देश ठेवायचा. हेच डीडुप्लिकेशन. व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपला ते विशेष मानवले.

५/ परंतु शंभर बॅकअप एकाच तुकड्यावर विसंबले आणि तोच बिघडला, तर शंभरही निकामी. म्हणून या साऱ्या भांडाराचीच दुसरी प्रत दूरच्या गावी ठेवावी लागते. पुनरावृत्ती टाळावी, प्रत मात्र एकुलती राहू देऊ नये.