परमा : उपचार

नायसेरिया गोनोऱ्हिया या जीवाणूमुळे होणारा, लैंगिक संबंधातून पसरणारा रोग. हा जीवाणू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. पुरुषांत संसर्गानंतर बहुधा २ ते ५ दिवसांत लघवीला जळजळ होते आणि मूत्रमार्गातून पिवळसर पू येतो. स्त्रियांत बऱ्याचदा लक्षणेच दिसत नाहीत. त्यामुळे उपचार लांबतो आणि संसर्ग गर्भाशय व अंडवाहिन्यांपर्यंत जाऊन वंध्यत्व येऊ शकते.

निदान : पुरुषाच्या मूत्रमार्गातील स्रावाला ग्रॅम रंजन केले असता पांढऱ्या पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी गोलाणू दिसतात. स्त्रियांत ही तपासणी तितकी भरवशाची नसते. तेथे न्यूक्लिइक अम्ल चाचणी उपयोगी पडते. औषध लागू पडेल की नाही, हे संवर्धनावरून कळते.

औषधयोजना : १९३० च्या दशकात आलेली सल्फा औषधे काही वर्षांतच निष्प्रभ झाली. त्यानंतर पेनिसिलीन आले. पण ते निकामी करणारे विकर तयार करणारे वाण १९७६ मध्ये आढळले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधेही गेली. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर आहे. अमेरिकेत २०२० पासून साध्या संसर्गासाठी ५०० मिग्रॅ.चे एकच इंजेक्शन स्नायूत देतात. क्लॅमिडिया सोबत असण्याची शक्यता असल्यास डॉक्सिसायक्लीन १०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. गर्भवतींना त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणांवरून उपचार करण्यासाठी रंगीत किट आणली. त्यांतील राखाडी किटमध्ये सेफिक्झीम ४०० मिग्रॅ. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असे. मनाने किंवा औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेल्या अर्धवट गोळ्यांनी पू थांबला, तरी रोग गेला असे होत नाही. उलट प्रतिरोध वाढतो.

जोडीदार व पाठपुरावा : मागील ६० दिवसांतील जोडीदारांनाही, लक्षणे नसली तरी, तपासून औषध द्यावे लागते. दोघांचेही उपचार होऊन ७ दिवस उलटेपर्यंत संबंध टाळतात. एचआयव्ही आणि उपदंशाची तपासणी सोबतच करतात. घशातील संसर्ग चिवट असल्याने ७ ते १४ दिवसांनी पुन्हा चाचणी घेतात. एकदा परमा होऊन गेला म्हणून प्रतिकारशक्ती येत नाही. पुन्हा लागण होणे सर्रास असल्याने ३ महिन्यांनी फेरतपासणी करतात.