मांजरांना विषारी घरझाडे (खेड, जि. रत्नागिरी)

मांजराच्या पोटात गेल्यास अपाय करणाऱ्या शोभेच्या, औषधी व पूजेच्या वनस्पती. जगबुडी नदीकाठच्या खेड तालुक्यात त्या कुंडीपुरत्या नसतात. परसात व वईवरही असतात. पावसाळ्यात कुंड्या पडवीत येतात, मांजरही तिथेच मुक्काम ठोकते आणि पाने कुरतडण्याचे प्रकार वाढतात. मांजराच्या यकृतात काही द्रव्ये निकामी करणारी एंझाइमे तोकडी असतात. शिवाय अंग चाटताना केसांवरचा पराग व चीकही पोटात जातो.

सर्वांत घातक म्हणजे लिलियम व डे लिली. पान, पाकळी, पराग इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही मांजराच्या जिवावर बेतते. काही तासांत ओकाऱ्या होतात, मग मांजर सावरल्यासारखे दिसते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. त्यामुळे ओकारी थांबली म्हणून निर्धास्त राहणे महागात पडते. साधारण 18 तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झाले, तर वाचण्याची शक्यता चांगली असते. पीस लिली ही लिली नव्हे. ती अळूच्या कुळातली असून तिने तोंड पोळते, मूत्रपिंडांना धोका नसतो.

कोकणात खरी काळजी कळलावीची. पावसाळ्यात ती वईवर चढून लालपिवळी फुलते आणि गौरी-गणपतीला फुले घरात येतात. तिच्यात कोल्चिसीन असते, कंदात विशेष. ओकाऱ्या व रक्ती जुलाब होऊन मांजर दगावू शकते. कण्हेर व बिट्टीचे विष हृदयाची लय बिघडवते. पानफुटीही त्याच वळणाची. सायकसच्या बिया यकृत निकामी करतात.

मनी प्लांट, डिफेनबेकिया व अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड घासते. सहसा जीव जात नाही. कोरफडीचा पिवळा चीक जुलाब करतो. गवती चहाची पाती मांजरे आवडीने चावतात; त्याने पोट बिघडते.

जास्वंद, मोगरा, गुलाब, अरेका पाम, बोस्टन फर्न व स्पायडर प्लांट निर्धोक मानले जातात. खोकलीच्या ताज्या मुळाच्या वासाने मांजरे वेडावून लोळतात, म्हणून रोपटे कुंडीबाहेर उपटलेले सापडते. ते खाऊ देऊ नये.

विषबाधेचा संशय आल्यास तोंडातला पाला काढावा, अंगावरचा पराग ओल्या फडक्याने पुसावा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये; मिठाचीच विषबाधा होते. गोगलगायींसाठी कुंडीत टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही मांजराला झटके आणतात, हे पावसाळ्यात हमखास विसरले जाते.