टिंबाचं काय करायचं?

मुक्ताईनगरला घरी आजोबांची पुस्तकांची एक पेटी आहे. ती स्कॅन करायची म्हणून सध्या माझे शनिवार-रविवार स्कॅनर शोधण्यात चाललेत. पण मंडळी, खरी गोची वेगळीच आहे. ती आहे अनुस्वाराची!

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीचं कुठलंही पुस्तक उघडा, 'नाहीं', 'कांहीं' अशी पानभर टिंबं. आपल्याला वाटतं, उगाच नटवलंय. तसं नाही हो. 'ते गेले' म्हणजे सरदार निघून गेले, आणि 'तें गेलें' म्हणजे ठाणं हातचं गेलं! राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे खंड १८९८ पासून निघाले, ते याच लेखनाच्या काळातले. (राजवाडे वारले ते आपल्या खानदेशातच, धुळ्याला, १९२६ साली.) तिथे टिंब पडलं की इतिहासच बदलतो.

आता हे टिंब असतं केवढं? धरा अर्धा मिलीमीटर. ३०० डीपीआयला सहाएक पिक्सेल. पिवळ्या पानावरचा धुळीचा कणही तेवढाच. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ठिपके काढा' अशी सोय असते; ती लावली की धुळीबरोबर व्याकरणही साफ. नाही लावली, तर कसरीने पाडलेलं भोक अनुस्वार होऊन बसतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने २०००च्या दशकात ढीगभर मराठी पुस्तकं स्कॅन केली, त्यांचे उपकार आहेतच. पण त्यातली कितीतरी पानं निव्वळ काळी-पांढरी आहेत. मधल्या करड्या छटा एकदा गेल्या की टिंब कुठलं आणि डाग कुठला, कोण सांगणार?

मग अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट हे एचपीत १९८५ ते १९९४ दरम्यान घडलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कवर चालतं. फुकट आहे आणि मराठी बरंच वाचतं. पण ते शिकलंय आजच्या मराठीवर, त्यामुळे टिंब स्वच्छ दिसत असलं तरी 'नाहीं'चं 'नाही' करून मोकळं होतं. वरून स्पेलचेक लावलात तर आमच्या लेवा बोलीची वाटच! 'डोये'चे 'डोळे', 'शाया'ची 'शाळा'. बहिणाबाईंच्या गाण्यांचं १९५२चं पुस्तक त्यातून काढलं तर बाई जळगावच्या की पुण्याच्या, कळणार नाही.

असो. मी ठरवलंय ते असं: सीसीडी सेन्सरचा स्कॅनर, कारण स्वस्तातल्या सीआयएसवाल्यात शिवणीजवळ पान जरा उचललं की अक्षरं धूसर होतात. ४०० डीपीआय, ग्रेस्केल. ठिपके काढणं बंद, स्पेलचेक बंद. मूळ चित्रं जपून ठेवायची, मजकुरासोबतच. आणि टिंबं मात्र डोळ्यांनीच तपासायची, पुस्तक शेजारी उघडं ठेवून.