परवाना क्रमांक १ आणि परभणीचा विद्यार्थी : वैमानिक कोणाला होता येते?

१/ १० फेब्रुवारी १९२९. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या २४ वर्षांच्या जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवणारे ते पहिले. त्या वेळी परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. मनमाड–हैदराबाद रेल्वेमार्ग तेथे १९०० सालीच पोहोचला होता. आकाशाचा मार्ग मात्र फार दूर होता.

२/ टाटांचा परवाना सरकारने दिलेला नव्हता. तो ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेचा होता. कारण उड्डाण हा आरंभी श्रीमंतांचा खेळ होता. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न क्लबच वैमानिकांना प्रमाणपत्रे देत. क्लबचे सभासदत्व परवडणाऱ्यालाच आकाश खुले होते.

३/ पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदलले. १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या आकाशावरील अधिकार मान्य केला. त्यासोबत वैमानिकाची किमान पात्रता आणि वैद्यकीय तपासणी यांचे समान नियमही आले. करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत भारतही होता.

४/ नियम समान असले तरी न्याय्य असतातच असे नाही. १९२४ मध्ये याच कराराखालील आयोगाने प्रवासी विमानांच्या चालकवर्गातून स्त्रियांना वगळले. ब्रिटनच्या लेडी हीथ आदींनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९२६ मध्ये ती बंदी उठली.

५/ भारतात १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम आले. परवाना हा आता कायद्याचा विषय झाला. वय, आरोग्य, लेखी परीक्षा आणि उड्डाणाचे तास यांची मोजपट्टी कागदावर उतरली.

६/ १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज उभी राहिली. प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवला. अनेक कंपन्यांनी त्यांना नाकारले. संधी दिली ती डेक्कन एअरवेजने. भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक परभणी ज्या संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या कंपनीत रुजू झाल्या. परवाना हाती असूनही दार उघडावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

७/ १९४४ च्या शिकागो करारानंतर १९४८ मध्ये त्याचे पहिले परिशिष्ट स्वीकारले गेले. त्याचा विषयच कर्मचाऱ्यांचे परवाने हा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये परभणी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. जुहूच्या आणि परभणीच्या मुलाला आता एकच कायदा लागू होता.

८/ १९८५ मध्ये कोलकाता–सिल्चर मार्गावर फॉकर विमानाचे पूर्णतः महिला चालकवर्गाने केलेले उड्डाण इतिहासात नोंदले गेले. कमांडर होत्या सौदामिनी देशमुख.

९/ आजची मोजपट्टी अशी : व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८, बारावीत भौतिकशास्त्र व गणित, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषयांच्या परीक्षा, रेडिओ संभाषणाचा परवाना, आणि २०० तास उड्डाण. त्यांतील १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे हवी. किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, पूर्ण करावा लागतो. रात्रीच्या उड्डाणाची अट वेगळी. कला शाखेचा विद्यार्थी मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देऊ शकतो.

१०/ या यादीत जात नाही, प्रांत नाही, लिंग नाही. १९२४ शी तुलना केली तर हे अंतर मोठे आहे. पण २०० तास म्हणजे इंधन, विमान आणि प्रशिक्षक यांचा अनेक लाखांचा खर्च. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इंग्रजी संभाषणाची किमान चौथी पातळीही आवश्यक. मराठी माध्यमातून आलेल्याने ती वेगळी कमवावी लागते.

११/ परभणी जिल्ह्यात आजही प्रवासी विमानतळ नाही, जवळचा नांदेडला. उड्डाण शिकायचे तर बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी जावे लागते. सेलू किंवा पाथरीच्या मुलीसाठी अंतर जुहूपेक्षा कमी झाले, पण संपलेले नाही.

१२/ १९३४ च्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. क्लबने दिलेल्या कागदापासून राष्ट्राच्या कायद्यापर्यंतच्या या शतकात ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तुला काय येते?’ हा पुढे आला. ‘ते शिकायला तुझ्याकडे काय आहे?’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही नियमावलीत नाही. परभणीचा इतिहास तिथेच अडून आहे.