कोंबड्यांच्या खुराड्यातला उजेड

१८६७ सालच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात एका पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला फोटोआधी केस धुऊन यायला सांगण्यात आलं, असं सांगतात. म्हातारा साधासुधा नव्हता. तो होता सर जॉन हर्शेल, आकाश धुंडाळणारा खगोलशास्त्रज्ञ. फोटो कागदावर टिकवण्यासाठी 'हायपो' वापरता येईल हे जगाला सांगणारा तोच. 'फोटोग्राफी' हा शब्द १८३९ मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडणाराही तोच आणि 'निगेटिव्ह', 'पॉझिटिव्ह' हे शब्द रूढ करणाराही तोच. आणि त्याला केस धुवायला लावणारी बाई फोटोच्या धंद्यातली नव्हती. जेमतेम तीन वर्षांपूर्वी कॅमेरा हातात घेतलेली ती एक हौशी आजी होती.

धुतलेले पांढरे केस मोकळे सुटले, विस्कटले. अंगावर गडद कापड, मागे काळोख. उजेड असा घेतलाय की केसांचं टोकन् टोक पेटल्यासारखं दिसतं, कपाळावरच्या सुरकुत्या खोल होतात आणि ओलसर डोळे आपल्या पलीकडे कुठेतरी बघतात. चौकटीत खुर्ची नाही, पुस्तक नाही, दुर्बीण नाही. आहे फक्त एक डोकं. इतकं जवळून, इतकं एकटं डोकं तोवर फोटोत फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

ही बाई म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरन. तिचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. तिचा नवरा चार्ल्स हे कॅमेरन म्हणजे मेकॉलेच्या विधी आयोगातला एक सदस्य. २०२४ पर्यंत आपल्याकडे लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेचा मूळ मसुदा याच आयोगाचा. हर्शेलशी तिची ओळख १८३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप इथे झाली होती. फोटोग्राफी नावाचं नवं प्रकरण सुरू झालंय, ही खबर तिला कलकत्त्यात हर्शेलच्याच पत्रांतून मिळाली. पण स्वतः फोटो काढायला तिला आणखी वीसेक वर्षं थांबावं लागलं.

दुकानातला फोटो

ज्युलियाने काय मोडलं हे कळायचं, तर तेव्हाचा 'चांगला फोटो' कसा असे ते आधी बघायला हवं.

पॅरिसमधल्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एक युक्ती पेटंट केली. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो स्वस्त झाला. १८६० नंतर तर या कार्डांचं वेडच लागलं. लोक नातेवाइकांची, राजाराणीची, नटनट्यांची कार्डं जमवून अल्बम भरू लागले.

या कार्डांवरची मांडणी ठरलेली असे. माणूस नखशिखान्त दिसला पाहिजे. बाजूला लाकडी खांब किंवा टेबल, मागे पडदा. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आकडा. वरच्या काचेच्या छतातून येणारा उजेड सगळीकडे सारखा पसरलेला. गिऱ्हाईक पैसे देतं, त्यामुळे कोटाचं बटणन् बटण दिसायला हवं. अशा फोटोत चेहरा नखाएवढा. माणसापेक्षा त्याची ऐपत जास्त स्पष्ट दिसे.

सारखा उजेड चेहऱ्याचे चढउतार पुसून टाकतो. नाकाची सावली गालावर पडली नाही तर नाक किती उंच आहे हे कळत नाही. डोळ्यांच्या खोबणीत अंधार नसेल तर थकवाही दिसत नाही. दुकानदाराला हेच हवं होतं, कारण कुठल्याच गिऱ्हाइकाला आपला थकवा विकत घ्यायचा नसतो.

खुराडं आणि कोळशाची खोली

१८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलगी आणि जावयाने ज्युलियाला कॅमेरा भेट दिला. ती तेव्हा ४८ वर्षांची होती आणि आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात राहत होती. नवरा मळे बघायला सिलोनला गेला होता, मुलं पांगली होती. एकटेपणात आईला विरंगुळा, एवढाच भेटीचा हेतू.

विरंगुळा कसला, तिने घरात उलथापालथच केली. कोळसा ठेवायच्या खोलीची अंधारखोली झाली. काचा लावलेल्या खुराड्यातून कोंबड्या बाहेर गेल्या आणि तिथे स्टुडिओ आला. आपण त्या कोंबड्या खाल्ल्या नसाव्यात, अशी आशा तिने पुढे आठवणींत गमतीने व्यक्त केली आहे.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांची सरमिसळ होती. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं ओतायचं. ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधारखोलीत पळत जाऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. सिल्व्हर नायट्रेटने हात आणि कपडे काळे पडत. फोटो मोठा करायची सोपी सोय नव्हती, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा चेहरा हवा तर काचही मोठी हवी. ज्युलियाची सुरुवातीची काच साधारण ११ बाय ९ इंचांची होती. १८६६ मध्ये तिने १५ बाय १२ इंचांच्या काचेचा कॅमेरा घेतला. आजच्या लॅपटॉपच्या स्क्रीनपेक्षा मोठी ओली काच सांभाळत पळायचं, तेही झगा सावरत.

पहिला फोटो तिने स्वतःच पुसला. तासाला अर्धा क्राउन देऊन गावातल्या एका धिप्पाड शेतकऱ्याला बसवलं होतं, आणि ओल्या काचेवरून तिचाच हात फिरला. मग १८६४ च्या जानेवारीत अ‍ॅनी नावाच्या मुलीचा फोटो जमला. त्याला तिने आपलं पहिलं यश म्हटलं.

तीन निर्णय

त्या यशानंतर तिने जे केलं ते तीन निर्णयांत सांगता येतं.

पहिला निर्णय उजेडाचा. तिने पडदे ओढून बहुतेक काचा झाकल्या आणि एका बाजूने किंवा वरून येणारा उजेडच आत घेतला. पुतळ्याभोवती दिवा फिरवला की दगड जसा जिवंत होतो, तसं चेहऱ्याचं झालं. १८६७ मधला तिची भाची ज्युलिया जॅक्सन हिचा फोटो बघा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि मानेची ताणलेली शीर स्पष्ट. ही भाची पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई झाली.

रसायनाचाही यात वाटा होता. कोलोडियनच्या काचेला निळा प्रकाश कळतो, तांबडा जवळजवळ कळत नाही. त्यामुळे त्वचेतली लाली, डाग, वांग खऱ्यापेक्षा गडद उमटतात. दुकानवाले हे दोष खोडून काढत. ज्युलियाने ते राहू दिले. म्हाताऱ्या चेहऱ्यांवर या काचेने जणू नांगरच फिरवला.

दुसरा निर्णय अंतराचा. खांब, टेबल, कोट, हात सगळं चौकटीबाहेर. कॅमेरा जवळ आणला आणि अंगावर गडद शाल टाकून कपडेही अंधारात बुडवले. माणूस श्रीमंत की गरीब हे कपड्यांवरून ओळखायची सोयच तिने काढून घेतली.

तिसरा निर्णय सगळ्यात वादग्रस्त ठरला, तो म्हणजे धूसरपणा. जवळून, मोठ्या भिंगाने फोटो घेतला की फोकसचा पट्टा अगदी पातळ होतो. डोळा स्पष्ट असेल तर कान धूसर. त्यात प्रत्येक फोटोला काही मिनिटं लागत, आणि ज्युलिया मानेला आकडा लावत नसे. माणूस श्वास घेणार, किंचित डुलणार. आपल्या भाषेत सांगायचं तर फोटो हलणार. १८६७ मधला टॉमस कार्लाइलचा फोटो असाच हललेला आहे. पण त्या हलण्याने तो चेहरा अर्धवट कोरलेल्या शिळेसारखा दिसतो.

फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला झोडपलं. हिला फोकस जमत नाही, काचेवर डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, असं लिहिलं गेलं. लुईस कॅरोल स्वतः उत्तम हौशी फोटोग्राफर होता. त्यानेही पत्रात लिहिलं की तिचे काही फोटो सुंदर आहेत, काही भयंकर, पण ती सगळ्यांविषयी विजयाच्याच थाटात बोलते.

मग हे सगळं न जमल्यामुळे झालं की ठरवून? दोन्ही. सुरुवात योगायोगाने झाली, हे तिनेच लिहून ठेवलंय. फोकस करताना जिथे चित्र सुंदर दिसलं तिथेच ती थांबायची, भिंग आणखी फिरवायची नाही. पण थांबायचं कुठे हे डोळ्याने ठरवणं म्हणजेच निवड. योग्य फोकस कोणता हे ठरवायचा हक्क कुणाला आहे, असं तिने १८६४ च्या अखेरीस हर्शेललाच विचारलं होतं. चूक आणि शैली यांतला फरक बऱ्याचदा एवढाच असतो: चूक तुमच्या हातून होते, शैलीत ती तुम्ही ठेवून घेता.

धंदेवाल्याला ती ठेवून घेणं परवडत नव्हतं, हौशी बाईला परवडलं. अर्थात 'हौशी' शब्दाला इथे मर्यादा आहेत. लंडनच्या कोलनाघी या चित्रविक्रेत्यांकडे तिचे फोटो विकायला असत, आणि मळ्यांचं उत्पन्न आटत असताना तिला ते पैसे हवेही होते. पण गिऱ्हाईक म्हणेल तसा फोटो काढायची सक्ती तिच्यावर नव्हती.

कुणाच्या चेहऱ्याला नाव?

ज्युलियाचं कौतुक इथेच थांबवता येत नाही. हर्शेल, टेनिसन, कार्लाइल, डार्विन हे तिच्या फोटोत 'स्वतः' म्हणून येतात. बायका बहुधा दुसऱ्याच कुणीतरी होऊन येतात: मेरी, सॅफो, एखाद्या कवितेतली नायिका. तिच्या घरी काम करणारी मेरी हिलियर इतक्यांदा मॅडोना झाली की गावात तिला तेच नाव पडलं. तिचा चेहरा ज्युलियाच्या कामात पुन्हापुन्हा दिसतो, पण ती स्वतः कशी होती ते फोटो सांगत नाहीत.

१८७५ मध्ये कॅमेरन दांपत्य सिलोनला गेलं. तिथले तिचे फोटो मोजकेच उरले आहेत. त्यांत मळ्यावरची माणसं आहेत, कलुतारा इथल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. उजेड तसाच मऊ, नजर तशीच थेट. पण नावं बहुधा नाहीत. १८७९ मध्ये ती तिथेच वारली.

याच काळात मुंबईतही हौशी फोटोग्राफर होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन भागांत काढलं. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून, दुसरीकडच्या दृश्यांवर बसवले होते. पार्श्वभूमी बदलायचं तंत्र काही आजचं नाही. पण तिथे माणूस 'नमुना' म्हणून उभा आहे. जात ओळखता यावी म्हणून पागोटं, दागिने, धोतराची नेसण सगळं डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट हवं. शार्प फोकस म्हणजे सत्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक बघावं. त्यात सगळं स्पष्ट आहे, माणूस तेवढा सापडत नाही.

म्हणजे मांडणी आणि उजेड हे नुसते सौंदर्याचे प्रश्न नाहीत. कुणाकडे जवळून बघायचं, कुणाकडे लांबून, कुणाचं नाव खाली लिहायचं, हे त्यातच ठरतं.

आज आपल्या फोनमधला पोर्ट्रेट मोड चेहरा कुठे संपतो याचा अंदाज बांधतो, मागचं सगळं धूसर करतो आणि चेहरा लख्ख ठेवतो. सावल्या उचलतो, त्वचा गुळगुळीत करतो. दिस्देरीच्या काळातलं दुकान खिशात आलंय, आणि गिऱ्हाईकही आपणच. ज्युलियाने नेमकं उलटं केलं होतं. तिची धूसरता चेहऱ्यावर होती आणि सावली तिने वाढवली होती.

तो प्रयोग करायला आज खुराडं लागत नाही. घरातला दिवा बंद करा, आजीला खिडकीशी बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या, एक पडदा ओढून घ्या आणि फोन जवळ न्या. तीही नको नको म्हणत हलेल. हललेला फोटो लगेच डिलीट करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आणि ठेवलात, तर फाइलला तिचं पूर्ण नाव द्या. 'आजी' एवढंच नको, कारण आणखी पन्नास वर्षांनी तो फोटो बघणाऱ्याला ती कुणाची आजी हे कळणार नाही.