सेवाभावी क्लब : ओळख, कामाची पद्धत आणि आपले बऱ्हाणपूर

गणेशोत्सवात वर्गणीची पावती फाडणारा हातच एखाद्या रविवारी रक्तदान शिबिराच्या टेबलाशी नावे लिहिताना दिसतो, आणि त्या माणसाच्या कोटाला चाकाचा किंवा सिंहाचा बिल्ला असतो. रोटरी, लायन्स, इनरव्हील, जेसीज ही नावे आपल्या घरांना नवी नाहीत. तरी "हे क्लब नक्की करतात काय?" असे मुलांनी विचारले की मोठ्यांचे उत्तर बहुधा दोन शब्दांत संपते : जेवणे आणि फोटो. हे उत्तर सगळे खोटे नाही, पण अपुरे आहे. मंडळाच्या सभासदांना या क्लबांची नीट माहिती व्हावी आणि ज्यांना त्यांत जायचे आहे त्यांना काय विचारून जावे हे कळावे, यासाठी हा लेख.

सुरुवात

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बसवले. त्यांतला एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या धंदेवाईक माणसांना मित्र मिळावेत, एवढाच हेतू. पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत बैठक होई, म्हणून नाव पडले रोटरी. म्हणजे मैत्री आधी आली, सेवा नंतर. दोन वर्षांनी या मंडळींनी हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते शिकागो शहरात सार्वजनिक शौचालय उभारण्याचे. आजच्या पदग्रहण समारंभात हे कोणी फारसे सांगत नाही, सांगायला हवे.

त्याच १९०५ साली, १२ जून रोजी, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सेवेच्या दोन अगदी वेगळ्या कल्पना एकाच वर्षी जन्मल्या. गोखल्यांचा सेवक शपथ घेऊन, अल्प मानधनावर, सारे आयुष्य कामाला देणारा. शिकागोचा सभासद मात्र आपला धंदा सांभाळून उरलेला वेळ देणारा. मराठी माणसाच्या मनात सेवा म्हटले की पहिली प्रतिमा येते, म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे तो थोडा संशयाने बघतो. पण आयुष्य वाहून घेणारे थोडेच असतात. आठवड्याचे दोन तास देऊ शकणारे प्रत्येक गल्लीत असतात, आणि त्यांचे तास एकत्र आणण्याची व्यवस्था म्हणजे हे क्लब.

भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्यात १९१९ मध्ये स्थापन झाला, मुंबईचा १९२९ मध्ये आणि पुण्याचा १९३६ मध्ये. लायन्सची चळवळ शिकागोतल्याच मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने १९१७ मध्ये सुरू केली. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून डोळ्यांचे काम ही लायन्सची ओळख बनली. भारतात लायन्स आले १९५६ मध्ये, मुंबईत. इनरव्हील ही महिलांची संघटना १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली. खुद्द लायन्सने स्त्रियांना सभासदत्व दिले १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये. त्याआधी सभासदाची पत्नी ही रोटरीत "ॲन" आणि लायन्समध्ये "लायन लेडी" असे. आपल्याकडे काही ठिकाणी ही संबोधने अजून चालतात, हे काही भूषण नव्हे.

एका वर्षाचा अध्यक्ष

या क्लबांचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही एकाच नियमात आहेत. रोटरी, लायन्स आणि इनरव्हीलचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष एका वर्षापुरते. त्यामुळे कोणी खुर्चीला चिकटत नाही. आपल्या सामाजिक संस्थांमध्ये वीस-वीस वर्षे एकच अध्यक्ष पाहिलेल्यांना याची किंमत कळेल. पण याच नियमामुळे प्रत्येक नवा अध्यक्ष आपल्या वर्षाचा ठसा उमटवू पाहतो, आणि आधीच्याने लावलेल्या झाडांना पाणी घालणे हे कोणाच्याच यादीत राहत नाही. वह्या-वाटप, ब्लँकेट-वाटप, वृक्षारोपण हे एका दिवसात होते आणि वृत्तपत्रात छापूनही येते. ज्या कामाला पाच वर्षे लागतात त्याचे श्रेय पाच जणांत वाटले जाते. म्हणून ते सुरूच होत नाही.

म्हणून एखाद्या क्लबाचे काम पाहताना वर्षभरात किती शिबिरे झाली हे मोजण्याऐवजी तीन अध्यक्षांपूर्वी सुरू झालेले कोणते काम आजही चालू आहे, हे विचारावे.

पोलिओ : सर्वांत लांब पल्ल्याचे काम

अध्यक्ष बदलत राहिले तरी काम टिकू शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा पोलिओ. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समध्ये मुलांना डोस देण्याचे काम हाती घेतले आणि १९८५ मध्ये ते जगभर नेण्याचा संकल्प केला. १९८८ मध्ये जगात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या. आज चाळिशीत असलेल्या पालकांना ते रविवार आठवत असतील : शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बर्फाचा डबा, दोन थेंब आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण. लस आणि यंत्रणा सरकारची. केंद्रे सांभाळणे, राहिलेल्या घरांची यादी करणे, लोकांना समजावणे यांत क्लबांचे हात होते.

त्यातला समजावण्याचा भाग आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. उत्तर प्रदेशात मुस्लिम वस्त्यांमध्ये लसीविषयी अफवा पसरल्या तेव्हा नुसत्या पत्रकांनी काही झाले नाही. मुंबईच्या मुलुंडचे रोटेरियन अशोक महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलेमांना विश्वासात घेतले, त्यांची समिती उभी राहिली, आणि मशिदींतून आवाहने होऊ लागली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. १९८५ ते २०१४ म्हणजे एकोणतीस वर्षे, आणि प्रत्येक क्लबात तितकेच अध्यक्ष.

रक्त : वर्षातून एकदा की दर महिन्याला

आपल्या भागात सर्वांत निकडीचे काम कोणते, असे विचारले तर आम्ही रक्ताचे नाव घेऊ. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो, आणि नेपानगर-खकनारच्या बाजूची गावे याच पट्ट्यात येतात. थॅलेसेमियाच्या मुलाला तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आयुष्यभर. अशा मुलाच्या आईला शिबिरात किती बाटल्या जमल्या याच्याशी कर्तव्य नसते. येत्या मंगळवारी पिशवी मिळेल का, एवढेच तिला हवे असते.

येथे शिबिरांची रीत आड येते. जयंती, वाढदिवस, वर्धापनदिन साधून एका दिवशी शंभर पिशव्या जमतात. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि प्लेटलेट्स पाच दिवस. मग मे महिन्याच्या सुट्टीत, लग्नसराईत आणि उन्हाच्या तडाख्यात दाते मिळत नाहीत आणि नातेवाईक फोन फिरवत बसतात. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत बंद झाली, ते योग्यच झाले. पण त्यामुळे सारा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आला. ज्या क्लबाकडे दात्यांची गटवार वही आहे आणि दर महिन्याला थोड्या थोड्या दात्यांना बोलावण्याची शिस्त आहे, त्याचे काम शंभर पिशव्यांच्या शिबिरापेक्षा मोठे. वृत्तपत्रात मात्र ते येणार नाही.

सभासदांच्या माहितीसाठी : रक्तदात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते. पुरुषांनी दोन दानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. साठीनंतर पहिल्यांदाच रक्त द्यायला जाऊ नये.

सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाले. योगायोगाने क्लबांच्या नव्या वर्षाचाही तोच दिवस. त्यात तपासणी आणि विवाहपूर्व सल्ला यांना महत्त्व आहे, कारण दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. तपासणीनंतर मिळालेले कार्ड घरात जपले जाते का, आणि सोयरीक ठरवताना ते बाहेर निघते का, हे पाहायला गावोगाव ओळखीची माणसे लागतात. क्लबातला शिक्षक, औषध दुकानदार, केळीचा व्यापारी यांची खेड्यांत ये-जा असतेच.

डोळे

मोतीबिंदूची शिबिरे पूर्वी शाळांच्या खोल्यांत होत, बाकांवर चादरी टाकून. आता पद्धत बदलली आहे : गावात फक्त तपासणी करायची आणि रुग्णाला बसने रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करून परत आणायचे. जंतुसंसर्गाचे धोके पाहता हेच बरे. यात क्लबाचे खरे काम बस ठरवणे, सोबत कोणी नसलेल्या आजीबरोबर थांबणे आणि नंतरच्या तपासणीला तिला पुन्हा आणणे हे असते. हे शेवटचे पुष्कळदा राहून जाते.

नेत्रदानाबद्दल घराघरांत गैरसमज आहेत, म्हणून थोडक्यात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळाचा पारदर्शक पडदा घ्यावा लागतो. चष्मा, मधुमेह, झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची अडचण येत नाही. एड्स, कावीळ ब व क, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग यांत दान घेत नाहीत. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. अर्ज भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागतेच, आणि अर्ज नसला तरी संमती पुरते. म्हणून अर्ज भरण्याइतकेच घरी बोलून ठेवणे महत्त्वाचे.

पाणी

बऱ्हाणपूरकरांना पाण्याच्या व्यवस्थेचा अभिमान शिकवावा लागत नाही. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणणारा कुंडी भंडारा उभा राहिला आणि आजही त्यात पाणी वाहते. पण भुयारांच्या भिंतींवर क्षारांचे थर साचत असल्याने त्याला सतत लक्ष लागते. दुसरीकडे जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातील पहिला "हर घर जल" प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावांत नळ पोचले. आता नळ बसवण्याचे काम उरलेले नाही. पंप बिघडला तर कोण बघणार, पाणीपट्टी कोण गोळा करणार, पाण्याची तपासणी कोण करणार, हे प्रश्न गावसमित्यांपुढे आहेत. क्लबातील अभियंता आणि हिशेबनीस यांची तेथे खरी गरज आहे. हातपंपावर पाटी लावण्याइतके ते सोपे नाही.

परदेशी क्लबाच्या भागीदारीत रोटरी फाउंडेशनचे "ग्लोबल ग्रँट" मिळते, ते किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला. त्यासाठी लोकांची गरज आधी तपासल्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि पैसे संपल्यावर काम कसे चालेल हेही लिहून द्यावे लागते. ही अट पैशांपेक्षा मोलाची वाटते.

फेलोशिप

क्लबांच्या बोलीत "फेलोशिप" म्हणजे सभेनंतरचे जेवण. निमंत्रणपत्रिकेवर तसेच छापतात. (पॉल हॅरिस फेलो, मेल्विन जोन्स फेलो हे वेगळे, ते हजार डॉलर देणग्यांबद्दलचे सन्मान आहेत.) जेवणावर टीका सोपी आहे. पण एका टेबलावर यंत्रमागवाला, डॉक्टर, बँकेतला अधिकारी, सराफ बसतात. त्यांत मराठी, गुजराती, सिंधी, बोहरा, मारवाडी असतात. एका व्यवसायातले अनेक घेण्याऐवजी निरनिराळ्या व्यवसायांतले लोक घ्यावेत, ही रोटरीची जुनी पद्धत. जात-समाजाची मंडळे, आपले मंडळ धरून, हे करू शकत नाहीत. रात्री दोन वाजता रक्त हवे असेल तर फोन त्या जेवणातल्या ओळखीवरच उचलला जातो.

मुलांसाठीही दारे आहेत : शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट, तरुणांसाठी रोटरॅक्ट, लायन्सचे लिओ क्लब. विद्यार्थी आदानप्रदानात मुलगा किंवा मुलगी वर्षभर परदेशी कुटुंबात राहते, आणि तिकडचे मूल आपल्याकडे. परक्या मुलाला वर्षभर वरण-भात आणि शेवभाजी खाऊ घालणे ही सेवा की स्नेह, हे यजमान आईलाच विचारावे.

सभासद व्हायचे असेल तर

प्रवेश बहुधा निमंत्रणाने होतो, पण इच्छा कळवायला हरकत नाही. वार्षिक वर्गणी, जेवणाचा खर्च आणि वेगळ्या देणग्या यांचा आकडा आधीच स्पष्ट विचारून घ्यावा; संकोच करू नये. दोन-तीन सभांना पाहुणे म्हणून बसावे. पदग्रहणाच्या समारंभात फुले आणि भाषणेच दिसतात. त्यापेक्षा जून अखेरची, मावळते आणि येणारे पदाधिकारी एकत्र बसतात ती बैठक पाहायला मिळाली तर पाहावी. रक्तदात्यांची वही, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची यादी आणि अपुऱ्या कामांचा हिशेब एका हातातून दुसऱ्या हातात जातो की नाही, ते त्या दिवशी समजते.